पिणाऱ्याच्या हातातली बाटली

मुलगी शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि पाण्याची बाटली माझ्यासमोर धरून म्हणाली, "आई, इट स्मेल्स. आय डोन्ट वॉन्ट इट."

मी तिला मराठीत सांगितलं की सकाळीच घासून दिली होती. ती इंग्रजीतच म्हणाली, "देन यू स्मेल इट."

वास खरंच येत होता. मी बाटली ओट्यावर आडवी ठेवली, सुरी घेतली आणि झाकण मधोमध कापलं. आतल्या नळीत काळी बुरशी धरली होती. जिथे ब्रश पोचत नाही अशा जागा त्या झाकणात जागोजागी होत्या. ज्याने ही बाटली डिझाइन केली त्याने आयुष्यात कधी बाटली घासली नसणार, असं माझ्या मनात आलं. रागही आला, आणि बऱ्याच दिवसांनी एक जुनी हुशारीही अंगात आली. लग्नाआधी मी चिंचवडला प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर होते. दुबईत आल्यापासून ती डिग्री कपाटात पासपोर्टांच्या खाली पडून होती. नवरा एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये होता, मुलगी ऊद मेथा भागातल्या शाळेत, आणि मी घरात.

नव्वदीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. गणपतीच्या जेवणाला मराठी मंडळी जमली होती. तिथे मी त्या कापलेल्या झाकणाची गोष्ट हसत हसत सांगितली. ऐकणाऱ्यांत एक साठीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, फुजैराच्या बंदराबाहेर उभ्या राहणाऱ्या जहाजांना भाजीपाला, पाणी, तांदूळ पोचवायचा त्यांचा धंदा. नुकतंच त्यांनी शारजात प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट घेतलं होतं, डबे आणि बादल्या काढायला. काकांनी हातातला मोदक खाली ठेवला.

"तू इंजिनियर आहेस?"

"होते."

"होते म्हणजे काय? डिग्रीला काय कसर लागते? परवा ये शारजाला. यल्ला, चल."

नवऱ्याने गाडीत विचारलं, "रोज शारजाचा ट्रॅफिक झेपेल तुला?" मी म्हटलं, बघू. आणि गेले.

काकांची अडचण साधी होती. त्यांच्या छोट्या बोटींवर आठ-दहा माणसं काम करत. मल्याळी, पठाण, फिलिपिनो, दोघे-तिघे कोकणातले. उन्हाळ्यात पाणी सतत प्यावं लागे. बोटीवर एक मोठा कॅन असायचा आणि त्याला दोरीने बांधलेला एक स्टीलचा मग. तो मग डेकवर लोळायचा, डिझेलच्या हातांनी उचलला जायचा, आणि सगळे त्यालाच तोंड लावायचे. एका आठवड्यात अर्धी बोट जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. काकांचं म्हणणं, "असं काहीतरी काढा की दहा जण पितील, पण दहा जणांचं उष्टं होणार नाही. हातातून पडली तरी फुटायला नको. उन्हात राहिली तरी वास यायला नको. बस. बाकी तुम्ही शिकलेले लोक."

"तुम्ही" म्हणजे मी आणि तिथला मोल्ड डिझायनर. हा गृहस्थ माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. सोलापूरकडच्या एका खेड्यातून पुण्याला येऊन शिकलेला, तिथे साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये तयार झालेला. टेबलावर कॉम्प्युटर होता, पण पहिली आकृती तो पेन्सिलीनेच काढायचा आणि पेन्सिलीला ब्लेडने टोक करायचा. बोलणं कमी. मला "मॅडम" म्हणायचा. मी त्याला आडनावापुढे "साहेब" लावायचे. दोघे मराठी असूनही पहिले काही आठवडे आम्ही ऑफिसचं इंग्रजीच बोललो.

उष्टं म्हटल्यावर मला विचार करायलाच लागला नाही. आमच्या घरी सगळे वरूनच पाणी पितात. मान मागे टाकायची, भांडं ओठांपासून वीतभर वर धरायचं आणि धार तोंडात सोडायची. आईने आम्हाला ते लहानपणीच शिकवलं होतं. मी लांब मानेची, बारीक चोचीची बाटली काढली. चोच अशी की धार एकसारखी पडावी, फुटू नये. मुंबईहून आणलेल्या झारीची चोच मी मोजपट्टीने मोजली होती. हाताने घासूनपुसून एक नमुना केला, ऑफिसात सगळ्यांसमोर मान वर केली आणि वीतभर अंतरावरून घटाघटा पाणी प्यायले. एक थेंब सांडला नाही. काका म्हणाले, "वा! झालं की काम! खलास!"

साहेब पुढे आला. नमुना हातात घेतला, फिरवून पाहिला, ठेवला. मग म्हणाला, "मान लांब आहे. आपटली तर मुळाशी तडा जाईल."

"तिथे जाडी वाढवू."

"जाडी वाढवली तर प्लास्टिक थंड होताना तिथे खड्डा पडेल."

"मग आतून बरगड्या देऊ."

"बरगड्या दिल्या की घासायला जागा अवघड."

हे दोन आठवडे चाललं. प्रत्येक हरकत रास्त होती, पण माणूस नुसता हरकती घेत सुटला की आपल्याला कळतं, खरी हरकत वेगळीच आहे. त्याची स्वतःची कल्पना होती: तळाला तोटी असलेला पाण्याचा जग आणि प्रत्येकाला एक-एक पेला. काका म्हणाले, "पेले? समुद्रावर? पहिल्याच दिवशी सगळे माशांना." तो विषय तिथेच संपला. मी घरी नवऱ्याला म्हटलं, "बाईने काढलेली बाटली आहे म्हणून त्याला खुपतंय." नवरा म्हणाला, "विचार ना त्यालाच." मी विचारलं नाही.

शेवटी काकांनीच ठरवलं की नमुने घेऊन आम्ही दोघांनी फुजैराला जावं आणि बोटीवर चालवून पाहावं. कंपनीच्या पिकअपमधून निघालो. गाडी तो चालवत होता. धैदच्या पुढे वाळू संपते आणि डोंगर सुरू होतात, उघडे, तपकिरी, एकही झाड नसलेले. मसाफीच्या बाजारापाशी आम्ही थांबलो. त्याने कलिंगड घेतलं, मी गाडीतला नमुना काढला, मान वर केली आणि पाणी प्यायले. मग बाटली त्याच्यापुढे धरली.

त्याने घेतली नाही. "राहू द्या," म्हणाला. गाडी सुरू केली.

थोडं पुढे गेल्यावर तो मराठीत बोलायला लागला. समोर रस्त्याकडे बघत, सावकाश.

"मॅडम, आमची वस्ती गावाबाहेर होती. माझी आई भुईमूग काढायला जायची रोजावर. मी लहान, शाळेला सुट्टी असली की तिच्याबरोबर. दुपारी बायका बांधावर बसायच्या. बाकीच्या बायका घागरीतून तांब्याने घेऊन प्यायच्या. माझी आई आणि अजून दोघी जरा लांब. मग मालकीणबाई यायच्या तांब्या घेऊन. आई उकिडवी बसायची, हाताची ओंजळ तोंडाला लावायची. त्या वरून पाणी ओतायच्या. चांगल्या कमरेच्या उंचीवरून. ओंजळीत किती राहणार? आई म्हणायची, पोटात कमी आणि पदरात जास्त. मला वाटायचं मोठी माणसं पाण्याने खेळतायत. मी हसायचो. मालकीणबाई वाईट नव्हत्या हां. गुळाचा खडाही द्यायच्या. खडाही वरूनच टाकायच्या. तांब्या मात्र कधी खाली आला नाही."

माझ्या तोंडातून आधी जे निघालं ते स्वतःच्या बचावाचं होतं. मी म्हटलं, "पण आमच्या घरी आम्ही एकमेकांतही तसंच पितो हो. माझी आई माझं भांडंसुद्धा तोंडाला लावत नाही. त्यात तसं काही नसतं."

"नसेलच," तो म्हणाला. "पण तुमच्या घरी तांब्या तुमच्या हातात होता."

पुढे फुजैरा येईपर्यंत घाटच होता. तो रागावला नव्हता. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि घाटात त्याला गाडीकडे लक्ष द्यायचं होतं. मीच आतल्या आत त्याच्याशी भांडत होते. जंतू जातपात बघत नाहीत, मी बनवतेय ती आरोग्याची गोष्ट आहे, आईने शिकवलेल्या सवयीत गैर काय. हे सगळं खरं होतं. तरीही डोळ्यांपुढे भिजलेला पदर येत होता. मला तर त्याची आई कशी दिसते हेही माहीत नव्हतं.

बोटीवर माझ्या बाटलीची जी फजिती झाली ती आठवली की अजून हसू येतं. जेट्टीपासून बोट सुटली आणि डोलायला लागली. बोट चालवणारा तांडेल रत्नागिरीचाच होता, काकांच्या गावचा. त्याने कौतुकाने बाटली घेतली, मान मागे टाकली, आणि पहिली धार थेट नाकात. दुसरी डोळ्यात. फिलिपिनो मुलाला वरून प्यायची सवयच नव्हती. त्याने शर्ट भिजवला, हसत सुटला आणि सरळ चोचीला तोंड लावून प्यायला. त्याच्यानंतर एका पठाणाची पाळी. त्याने क्षणभर चोचीकडे पाहिलं, कमीजच्या टोकाने ती पुसली आणि तोही तोंड लावून प्यायला. मग पुढच्याने पुसली. तेच डिझेलचे हात, तेच कपडे. पुसण्याने ती चोच अजूनच काळी होत होती.

तांडेल नाक शिंकरत म्हणाला, "बाई, घरात बसून प्यायला झकास आहे हां ही. पण इथे खालची जमीन थांबत नाही."

मी साहेबाकडे पाहिलं. त्याला "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणता आलं असतं. तो त्या माणसांचे हात बघत होता. परत येताना म्हणाला, "लोक पुसतात बघितलं? म्हणजे त्यांनाही दुसऱ्याचं तोंड लागलेलं नकोच आहे. तुमचं बरोबर आहे त्यात."

"आणि तुमचं?"

"माझं एवढंच. ज्याला तहान लागलीय, बाटली त्याच्या हातात पाहिजे. दुसऱ्या कोणाला ती त्याच्या डोक्यावर धरता येऊ नये."

हे काही तांत्रिक वाक्य नव्हतं. पण शारजाला पोचेपर्यंत ते आमच्या कामाचा पहिला नियम झालं होतं. मी कागदावर लिहिलं: नुसती उलटी केली तर एक थेंबही पडता कामा नये. पिणारा दाबेल तेव्हाच पाणी येईल.

त्यानंतरचे तीन-चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. लांब मानेची बाटली आम्ही सोडून दिली. दीड लिटरची, एका हाताने धरता येईल अशी, मऊ अंगाची बाटली धरली. तोंड रुंद, आत अख्खा हात जाऊन घासता येईल असं. हा माझा हट्ट. बाहेरून हाताला दोन खोलगट जागा, तेलकट हातमोज्यातून निसटू नये म्हणून. हा त्याचा. झाकणात रबराची छोटी वाटी बसवली, तिला मध्ये अधिकच्या चिन्हासारखी चीर. बाटली दाबली की चीर उघडते आणि एक घोट येतो. सोडली की मिटते. उलटी टांगून ठेवली तरी पाणी आतच.

इथे एक भानगड झाली. दाबलेली बाटली सोडली की ती परत फुगताना हवा आत ओढते, आणि ती ओढायची त्याच चिरेतून. म्हणजे ओठांवरचं पाणी पुन्हा आत. उष्टं टाळायला निघालेलो आम्ही, उष्टं आत खेचणारं यंत्र बनवून बसलो होतो! मी बाटलीत दूधरंगी पाणी भरून, चिरेवर निळी शाई लावून दाबून पाहिलं आणि आत निळी रेघ उतरताना दिसली. साहेबाने खुर्ची ओढली. मग पेन्सिलीला टोक करत म्हणाला, "श्वास घ्यायचं नाक वेगळं द्यावं लागेल." हवेला वेगळी वाट, झाकणाच्या कडेला, तीही एकाच दिशेने उघडणारी. चीर थोड्या कडक रबराची, म्हणजे हवा सोप्या वाटेने यावी. कडक किती? रबराचे नमुने मागवले, दाबून पाहिले, जास्त कडक झालं की म्हाताऱ्या माणसाच्या हाताला जड, मऊ झालं की निळी रेघ. शेवटी एक दिवस रेघ आली नाही. आम्ही पुन्हा केलं. आली नाही. त्याने मला पहिल्यांदाच "जमलं, ताई" म्हटलं. मॅडमची ताई कधी झाले ते त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

रबराच्या चोचीवर एक टोपण होतं, अंगठ्याने उघडणारं, म्हणजे घाणेरडी बोटं चोचीला लागू नयेत. ज्याला तोंड लावायचं त्याने लावावं, आत काही जात नव्हतं. ज्याला नको त्याने चार बोटं अंतर ठेवावं. बाटली दाबून पाणी येत असल्यामुळे डोलत्या बोटीतही धार तोंडातच जायची. आम्ही ती गच्चीवरून टाकली, तिच्यावरून पिकअप नेली, भर उन्हात गाडीच्या टपावर ठेवून दिली. मुलीला एक शाळेत नेऊन पाहायला दिली. आठवड्याने विचारलं, वास येतो का. म्हणाली, "नो. बट इट लुक्स लाइक अ शाम्पू बॉटल." दिसायला ती तशीच होती, मला कबूल करावं लागलं.

फुजैराला दुसऱ्या खेपेला तांडेलाने आधी नाक हाताने झाकलं आणि मगच बाटली घेतली. सगळे हसले. मग तो प्यायला. मग पुढचा. कोणी पुसलं नाही. दोन घोट घ्यायचे, टोपण बंद, पुढच्याला फेकायची. फेकायची, हे आम्ही डिझाइनमध्ये धरलंच नव्हतं, पण ती तेही सोसत होती.

मग नावाची वेळ आली. काका खुशीत होते. लेबलचा कागद त्यांनी शारजातल्या एका छापखान्यातून आधीच करून आणला होता. निळ्या अक्षरांत मोठं: नो टच.

"कसं आहे? हायजिनचा जमाना आहे. नो टच. पठाणालाही कळेल, फिलिपिनोलाही."

मी साहेबाकडे पाहिलं. त्याने कागद हातात घेतला, टेबलावर पालथा ठेवला.

"काका, हे नाव नको."

"का? काय वाईट आहे?"

"नो टचचं मराठी करून बघा."

काकांनी ओठांतल्या ओठांत करून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरलं. पण धंदेवाईक माणूस. इतक्यात हार मानणार नव्हते. "अरे, इथे मराठी कळतंय कोणाला? गिऱ्हाईक सगळं परदेशी. त्यांना काय शिवाशिव ठाऊक?"

"मला ठाऊक आहे ना," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी ही बाटली काढलीय. माझ्या आईला दाखवायला मी एक घरी पाठवणार आहे. ती मला विचारेल, वर काय लिहिलंय."

काका खिडकीपाशी गेले, बाहेर पार्किंगकडे बघत उभे राहिले. ते माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांनाही हे असं कोणी समोर बसून पहिल्यांदाच सांगितलं असावं. परत आले तेव्हा म्हणाले, "छापून पाच हजार आलेत. असू दे. जातील रद्दीत. मग नाव काय?"

मी काहीतरी "साथी" वगैरे म्हटलं, ते साबणासारखं वाटलं. शेवटी बाटली बिननावाची बाजारात गेली. लेबलावर फक्त एक हात काढला होता, बाटली धरलेला. दुकानदार तिला हातवाली म्हणायचे, बस.

ती खूप चालली असं नाही. चालली. बोटींवर, मजुरांच्या कॅम्पवर, टॅक्सीवाल्यांत. एकदा फुजैराच्या जेट्टीवर एक म्हातारा पठाण तिने नमाजाआधीचा वुजू करताना दिसला. बाटली काखेत दाबून दोन्ही हात मोकळे, बारीक धार हातापायांवर. इतक्या थोड्या पाण्यात. साहेब बघतच राहिला. त्याने जवळ जाऊन म्हटलं, "चचा, पीने के लिए है ये."

"पीता भी हूँ," तो म्हणाला. "पहले अल्लाह का, फिर मेरा." आणि बाटली आमच्यापुढे केली. साहेब प्यायला, मी प्यायले.

मी वरूनच प्यायले. सवय ती सवय. आजही मी तशीच पिते. त्या गाडीतल्या बोलण्यानंतर मी ती सोडून द्यायला हवी होती का, हा विचार मी पुष्कळदा केला. कधी वाटतं, आईने दिलेली गोष्ट आहे, तिचा काय दोष. कधी मान मागे टाकताना उगीच कोणीतरी बघतंय असं वाटतं. साहेबाला एकदा मी हे सांगितलंही. तो म्हणाला, "प्या हो ताई. तुमच्याच हातात आहे." एवढ्यावर त्याने विषय सोडला, मला मात्र तो सुटला नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी एका हॉस्पिटलातून विचारणा आली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना पाणी पाजायला तुमची बाटली चालेल का. आम्ही जाऊन पाहिलं. चालत नव्हती. ज्याच्या हातात जोर नाही त्याला ती दाबताच येत नव्हती, आणि दुसऱ्या कोणी दाबली तर घोट किती येईल याचा भरवसा नाही. एका आजोबांना सिस्टर पेल्याने पाणी देत होती, उभ्याने, वरून. ते खोकून खोकून लाल झाले. सिस्टर केरळची, दमलेली, दुसरीकडे घंटा वाजत होती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "इथे तुमचा पहिला नियमच मोडावा लागणार. इथे दुसऱ्यानेच पाजायचंय."

तो दारातून आजोबांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, हे काम तो घेणार नाही. मग म्हणाला, "माझी आई आजारी होती तेव्हा मी होतो इथे. गावाकडे बहीण पाजायची चमच्याने. मांडी घालून, डोकं मांडीवर घेऊन." आणि खिशातून पेन्सिल काढली.

ते डिझाइन त्याने एकट्याने केलं. मी फक्त रबराचं बघितलं. लहान बाटली, चोच बाजूला वळवलेली, आडवी धरूनच चालणारी. गालाच्या बाजूने, ओठांच्या पातळीवरून घोट द्यायचा. एका दाबाला एकच छोटा घोट, त्याहून जास्त येणारच नाही. म्हणजे आडव्या माणसाला ठसका लागू नये. उभं राहून, वरून धरली तर काहीच यायचं नाही.

नमुने घेऊन गेलो तेव्हा तीच सिस्टर होती. तिने उभ्या उभ्या दाबून पाहिली. काही येईना. "खराब है क्या?"

"नहीं सिस्टर," साहेब म्हणाला. "बैठना पड़ेगा."

"बैठने का टाइम किसको है यहाँ?" ती वैतागून म्हणाली. पण आजोबा तोंड उघडून वाट बघत होते. तिने पायाने स्टूल ओढलं, बसली, बाटली त्यांच्या गालापाशी आणली आणि दाबली. आजोबांनी घोट गिळला. खोकले नाहीत. तिने पुन्हा दाबली. मग स्टूल आणखी थोडं पुढे घेतलं, आणि मल्याळममध्ये त्यांना काहीतरी विचारलं. ते मान हलवून हो म्हणाले.

आम्ही दोघे दाराशी उभे होतो. तिकडे घंटा वाजत होती, आणि सिस्टर म्हणाली, "एक मिनिट, एक मिनिट, पानी दे रही हूँ."